इंग्रजांच्या अडचणी, आपल्या वहीत

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट. परदेशी नेमणूक होण्याआधी अधिकारी तिथे दिवसभर बसून भाषा शिकतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामापुरती फ्रेंच यायला या संस्थेच्या हिशेबाने साधारण ३० आठवडे लागतात, हिंदीला ४४. फ्रेंच ही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी सोप्या गटातली भाषा, असा त्याचा अर्थ. पुण्या-मुंबईच्या क्लासांतही हाच समज आहे. इंग्रजी चांगली असली की फ्रेंच पटकन येते, असं पालक सांगतात आणि मुलंही धरून चालतात. रानडे इन्स्टिट्यूट असो, आलियाँस फ्राँसेझ असो किंवा कॅनडाच्या स्थलांतर अर्जातल्या वाढीव गुणांसाठी लावलेली रात्रीची ऑनलाइन बॅच असो, व्याकरण अडलं की फळ्यावर इंग्रजी वाक्य येतं आणि त्याच्या शेजारी फ्रेंच.

हा समज निम्मा खरा आहे. खरा निम्मा भाग शब्दांचा.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि पुढची दोन-तीन शतकं इंग्लंडचा दरबार, न्यायालय आणि सरदारांचा मुदपाकखाना फ्रेंच बोलत राहिला. गोठ्यात इंग्रज गुराखी, ताटावर नॉर्मन मालक. म्हणून जनावर जिवंत असताना ‘काउ’ आणि शिजल्यावर ‘बीफ’, मेंढी ‘शीप’ आणि तिचं मांस ‘मटन’. वॉल्टर स्कॉटने १८१९च्या ‘आयव्हॅन्हो’त या गमतीवर एक प्रसंगच रचला आहे. आपल्या खानावळीच्या पाटीवरचं ‘मटन’ मुळात फ्रेंच ‘मुताँ’, हे पहिल्या आठवड्यात सांगितलं की वर्ग खूश होतो. ‘नेशन’, ‘सिच्युएशन’, ‘क्वेश्चन’ यांसारखे शेकडो शब्द स्पेलिंग न बदलता फ्रेंचमध्ये भेटतात. फक्त उच्चार ‘नासियों’, ‘सित्युआसियों’, ‘केस्तियों’. ही कमाई खरोखर फुकटची आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही.

फुकटच्या मालात खोटी नाणीही असतात. मॅक्सिम केस्लेर आणि झ्यूल दरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये अशा शब्दांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यांना ‘फो-झामी’, म्हणजे खोटे मित्र, हे नाव रूढ झालं. ‘लिब्रेरी’ म्हणजे वाचनालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘खरं तर’ नव्हे, ‘सध्या’. ‘आताँद्र’ म्हणजे हजर राहणं नव्हे, वाट पाहणं. ‘ब्लेसे’ म्हणजे आशीर्वाद देणं नव्हे, जखमी करणं. आणि फ्रान्समध्ये जॅमची बाटली हातात घेऊन यात ‘प्रेझेर्व्हातीफ’ नाही ना, असं विचारणाऱ्याकडे दुकानदार वळून बघतो, कारण त्या भाषेत तो शब्द निरोधासाठी आहे. पण या चुका विनोदी असल्यामुळे लक्षात राहतात आणि लवकर सुटतात. जाचक चुका वेगळ्याच असतात.

त्यांतली पहिली तोंडातली. इंग्रज माणूस ‘पॅरिस’ म्हणताना प नंतर हवेचा फुत्कार सोडतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते. फ्रेंच प, त, क म्हणताना ती हलता कामा नये, आणि यासाठी इंग्रज विद्यार्थ्याला बराच काळ कागद समोर धरून बसावं लागतं. मराठी माणसाच्या तोंडी प आणि फ हे जन्मापासून वेगळे आहेत, त्यामुळे त्याचा कागद पहिल्या दिवसापासून स्थिर. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून म्हणायचे असतात, तेही आपल्याकडे तयार आहेत. तरीही वर्गात काय ऐकू येतं? ‘टाब्ल’, ‘टू’, ‘अटान्शन’. रोमन टी दिसला की ट म्हणायचा, ही सवय इंग्रजीने लावलेली. तोंडात त असताना विद्यार्थी ट उच्चारतो, आणि इंग्रजांची नसलेली चूकसुद्धा स्वतःची भर घालून करतो! अशा वेळी अनुभवी शिक्षक फ्रेंच वाक्य देवनागरीत लिहून एकदा वाचायला लावतात. ते शास्त्रशुद्ध नसतं, पण टचा त लगेच होतो.

खरी नवी गोष्ट आहे तो फ्रेंच ‘यू’ हा स्वर. तो इंग्रजीत नाही, मराठीतही नाही. ‘ई’ म्हणत राहायचं, जीभ हलवायची नाही आणि ओठ तेवढे ‘ऊ’सारखे गोल करायचे. हा एकच स्वर नीट न आल्यामुळे ‘दस्यू’ आणि ‘दसू’ यांची गल्लत होते. एकाचा अर्थ ‘वर’, दुसऱ्याचा ‘खाली’. किल्ली टेबलावर आहे की टेबलाखाली, ते ओठांच्या आकारावर ठरतं. वर्गात आरसा ठेवावा लागतो तो यासाठी. गळ्यातल्या ‘र’चा बाऊ मात्र उगाच केला जातो. गझल ऐकणाऱ्याला ‘ग़’ ठाऊक असतो, तिथून तो र दोन पावलांवर आहे. अनुनासिक स्वरांचंही तसंच. इंग्रज ‘बाँ’ म्हणताना शेवटी न किंवा ङ चिकटवतो. हिंदीतलं ‘माँ’ आणि ‘मैं’ बोलणाऱ्याला, किंवा गोव्याच्या कोंकणीत ‘हांव’ म्हणणाऱ्याला, नाकातून स्वर काढायला वेगळं शिकावं लागत नाही. न्याय करायचा तर एक आवाज इंग्रजीनेच दिला आहे. ‘झुर्नाल’मधला पहिला वर्ण म्हणजे इंग्रजी ‘प्लेझर’च्या मधला झ. तो मराठीत नाही.

लिहिलेलं न उच्चारण्याबद्दल तर मराठी माणसाने तक्रारच करू नये. फ्रेंचमध्ये मधला दुबळा ‘अ’ बोलताना गळतो. ‘सामदी’ (शनिवार) लिहिताना मध्ये स्वर असतो, बोलताना नाही. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो, तो हाच प्रकार. पुढचं साम्य आणखी सुंदर आहे. जुन्या फ्रेंच छंदोबद्ध कवितेत व्यंजनाआधीचा हा गळालेला ‘अ’ पुन्हा मोजावा लागतो, आणि आपणही अक्षरगणवृत्त म्हणताना गद्यात गिळलेला ‘अ’ पूर्ण उच्चारतो. शाळेत श्लोक म्हटलेल्या मुलाला हे समजावायला एक मिनिट पुरतं. इंग्रजी फळ्यावरून समजावायला तास लागतो.

व्याकरणात इंग्रज आणि मराठी विद्यार्थ्यातली ही तफावत आणखी वाढते. इंग्रज विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो टेबल स्त्रीलिंगी आहे हे ऐकून. टेबलाला लिंग असावंच का, इथे तो अडतो. मराठी मूल ‘तो डबा, ती बस, ते टेबल’ म्हणतच वाढलेलं असतं. इंग्रजीतून आलेल्या बसला ‘ती’ कुणी केलं हे त्याने कधी विचारलं नाही. विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं हेही त्याला ठाऊक असतं. ‘हिरवा, हिरवी, हिरवं’ तसं ‘व्हेर, व्हेर्त’. मात्र इथे मराठीवर आंधळा भरवसा टाकला की ती दगा देते. आपला चंद्र पुरुष, त्यांची ‘ल्यून’ बाई. आपली बस ‘ती’, त्यांची ‘तो’. म्हणून नाम कधी एकटं पाठ करायचं नाही, सोबत लिंग दाखवणारं ‘ल’ किंवा ‘ला’ घेऊनच करायचं. शेवट पाहून बराच अंदाज येतो. ‘सियों’वाले शब्द जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी, ‘फ्रोमाझ’ (चीज), ‘व्हॉयाझ’ (प्रवास) यांसारखे ‘आझ’वाले बहुतेक पुल्लिंगी. आणि मग ‘प्लाझ’ (समुद्रकिनारा) आणि ‘इमाझ’ (चित्र) येतात आणि नियम मोडतात.

भूतकाळाच्या धड्यात तर मराठीचा सरळ फायदा आहे. ‘एल ए आले’, म्हणजे ‘ती गेली’. गेली, आली, जन्मली, मेली अशा मोजक्या क्रियापदांत कृदन्त कर्त्याप्रमाणे बदलतं. इतर बहुतेक क्रियापदांत ते कर्त्याकडे बघत नाही, पण कर्म आधी आलं तर कर्माप्रमाणे बदलतं. ‘मी पत्र लिहिलं’ म्हणताना ‘एक्री’, पण ‘मी लिहिलेलं पत्र’ म्हणताना, तिथे पत्र स्त्रीलिंगी असल्यामुळे, ‘एक्रीत’. या नियमाचा श्रेय-दोष सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ मारो या कवीकडे जातो, आणि फ्रेंच मुलंही त्याला कंटाळतात. इंग्रजीत तर क्रियापद कर्माकडे पाहू शकतं ही कल्पनाच नाही. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ म्हणणाऱ्याला ती नवी नाही; फ्रेंच हे नेहमी करत नाही, एवढीच दुरुस्ती त्याला करायची असते. इंग्रजीतल्या एका ‘वेन्ट’साठी फ्रेंचमध्ये दोन काळ का, याचं उत्तरही ‘गेलो’ आणि ‘जायचो’ या जोडीत आहे.

‘तू यावंस असं मला वाटतं’ या वाक्यातलं ‘यावंस’ हे रूप फ्रेंचमधल्या ज्या रूपाशी जुळतं, त्याला क्लासात ‘सबजंक्टिव्ह’ म्हणतात आणि त्याच्या धाकाने बॅच अर्धी होते. आवडण्याचंही तेच. इंग्रजीत मी गोष्टीला आवडवून घेतो. फ्रेंचमध्ये गोष्ट ‘मला’ आवडते असंही म्हणता येतं, थेट मराठीसारखं. ‘त्यु म मांक’ म्हणजे तुझी मला उणीव भासते, ‘तू’ कर्ता आणि ‘मला’ चतुर्थी. इंग्रजीच्या साच्यातून हे वाक्य तयार करणारा बरोबर उलटं बोलतो: माझी तुला आठवण येते! प्रेमपत्रात हे महागात पडू शकतं. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ यांबद्दल काही सांगायलाच नको. ‘व्हू’ आपल्या ‘तुम्ही’सारखं आदरार्थीही आणि अनेकवचनीही.

आकड्यांत नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. इंग्रज हसतो. ‘चार विसा’ म्हणून ऐंशी मोजणारी म्हातारी माणसं ज्यांनी खेड्यात पाहिली आहेत त्यांनी हसू नये. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडने नव्वदसाठी सरळ एक शब्द ठेवला आहे.

स्पेलिंगमध्ये मात्र कुणालाच सवलत नाही. १८५७ मध्ये लेखक प्रोस्पेर मेरिमेने तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात एक श्रुतलेखन घातलं. सम्राटाच्या ७५ चुका झाल्या, सम्राज्ञीच्या ६२, आणि पुढे ऑस्ट्रियाचा राजदूत झालेला मेटर्निख फक्त तीन चुकांवर सुटला, असं सांगतात. फ्रेंच ही ज्याची मातृभाषा नव्हती तोच पहिला आला.

तेव्हा जूनमध्ये फ्रेंचची बॅच लावणाऱ्यांनी एवढं करून पाहावं. शब्द पाठ करताना इंग्रजी खुशाल वापरा, खोट्या मित्रांची यादी जवळ ठेवून. पण उच्चार आणि व्याकरण अडलं की फळ्यावरच्या इंग्रजी वाक्याखाली तेच वाक्य मराठीत लिहा आणि मग फ्रेंचकडे वळा. शिकवणाऱ्यांनीही वर्गात मराठी उदाहरण द्यायला संकोच करू नये.