आत कोण डोकावतं?

आमच्या भैंसात नळाला पाणी आलं नाही तर माणूस नगरपालिकेत जाऊन भांडतो. तुरुंगातल्या माणसाने कुठं जायचं?

आमच्या गल्लीतल्या मावशींचा मुलगा कच्चा कैदी होता. भेटून आल्या की त्या एवढंच सांगायच्या, "पोरगं 'बरंय' म्हणतं. शिपाई बाजूलाच उभा, दुसरं काय म्हणणार?" त्यांच्यामुळे मी या विषयावर वाचायला लागले.

आपल्या घटनेत तुरुंग हा राज्याचा विषय. नगरपालिकेकडे तो नाही. पण १८९४ च्या कारागृह कायद्यातच 'अभ्यागत' नेमायची सोय आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, काही बिगरसरकारी नागरिक यांनी आत जाऊन पाहायचं, कैद्यांचं ऐकायचं.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगातल्या १५ स्त्रियांशी बोलल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की मुंबईत सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो महिला न्यायाधीशांनी, कोठड्यांना अधूनमधून अचानक भेट द्यावी.

मला त्यातला 'अचानक' हा शब्द फार मोलाचा वाटतो. आधी कळवून गेलं की फरशी धुतलेली आणि डाळ घट्ट असणारच! शिवाय कैद्याशी एकट्याने बोलता आलं पाहिजे. नाहीतर भेटीच्या वहीत सही होईल, आणि आतला माणूस 'बरंय' एवढंच म्हणत राहील.