जुनी लेन्स, नवी बॉडी

फिल्म गेली, याविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. छत्तीस चौकटींनी शिकवलेला संयम, डार्करूममधला लाल दिवा, रोल धुऊन येईपर्यंतची आठवडाभराची हुरहूर या साऱ्यांवरचे शोकलेख वाचताना आम्हांला नेहमी एक शंका येते. आपण ज्या गुणांसाठी फिल्मला रडतो, ते गुण खरोखर फिल्मचे होते काय? ही शंका घेण्यास आमच्यापाशी कारण आहे. फिल्मचा कॅमेरा आमच्या घरातून निवृत्त झाला. परंतु त्याच्यावरची लेन्स आणि त्याच्या माथ्यावरचा फ्लॅश ही दोन्ही निवृत्त झाली नाहीत. ती नव्या यंत्रावर चढली आणि कामाला लागली. प्रस्तुत लेखात त्या दोघांविषयी थोडे सांगावयाचे आहे.

निकॉन कंपनीने १९५९ साली आपल्या 'एफ' कॅमेऱ्याबरोबर लेन्स बसवण्याची जी खाच आणली, जिला छायाचित्रणाच्या व्यवहारात 'माउंट' म्हणतात, तिचे मूळ माप पुढे टिकले. माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर, चाळीस वर्षांनी, १९९९ साली, त्याच कंपनीचा 'डी-१' हा डिजिटल कॅमेरा आला, तेव्हाही ते तेवढेच होते. योगायोग असा, की त्याच वर्षी डोंबिवलीत गुढीपाडव्याची पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली. म्हणजे आमच्या गावाची ही आता जुनी वाटणारी परंपरा आणि डिजिटल कॅमेऱ्याचे ते मॉडेल एकाच वयाचे! अर्थात 'डी-१' आमच्यासारख्या पगारदारांच्या आवाक्यातला नव्हता. २००३ साली कॅननचा '३००-डी' आणि २००४ साली निकॉनचा 'डी-७०' आला, तेव्हा कुठे मध्यमवर्गाला या वाटेवर पाऊल टाकता आले. जानेवारी २००६ मध्ये तर निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करीत असल्याचे जाहीर केले. ठाणे-कल्याण पट्ट्यातील आमच्या परिचयाच्या स्टुडिओवाल्यांनी याच काळात आपली कपाटे रिकामी केली. आमच्या घरी मात्र दिवंगत काकांची पन्नास मिलिमीटरची लेन्स आणि एक बोजड फ्लॅश उरला होता. काका लग्नमुंजींचे फोटो काढीत.

ही लेन्स डिजिटल बॉडीवर चढवली, तेव्हा पहिला बदल दिसला तो चौकटीचा. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. त्या काळच्या परवडणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण २४ बाय १६ चा. क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. लेन्स आपले संपूर्ण बिंब पूर्वीसारखेच टाकीत असते, परंतु नवे यंत्र त्याचा मधलाच भाग टिपते. कडा बाहेर सांडतात. पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागू लागते. फडके रोडवर याचा अर्थ काय होतो, हे तिथे पाडव्याच्या सकाळी उभे राहिलेल्यालाच समजेल. पूर्वी लेझीम खेळणाऱ्या मुली जेथून पूर्ण चौकटीत मावत, तेथून आता नुसते चेहरे आणि खांदे येऊ लागले. मागे सरावे तर मागे माणसांची भिंत. अखेर आम्ही मेळावा टिपण्याचे सोडून एकेक माणूस टिपू लागलो. हा निर्णय आमच्या रसिकतेने घेतलेला नव्हता. तो सेन्सरच्या मापाने घ्यायला लावला.

दुसरा बदल मौनाचा. जुन्या लेन्सला विजेची भाषा येत नाही. त्यामुळे 'डी-७०' सारख्या बॉडीवर ती चढवली की प्रकाशमापक मुका होतो. मग उघडझाप आणि छिद्र दोन्ही आपणच ठरवायची. भर उन्हात छिद्र एफ १६ आणि उघडझापेचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेइतका, म्हणजे शंभरच्या फिल्मला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग, हा जुना ठोकताळा पुन्हा कामी आला. गंमत अशी, की हा अंदाज बांधण्याची विद्या आम्हांला फिल्मपेक्षा डिजिटलनेच अधिक लवकर दिली. फिल्मच्या दिवसांत उत्तर आठवड्याने येई, आणि तोवर प्रश्न विसरलेला असे. इथे उत्तर पाठीवरच्या पडद्यावर तत्क्षणी उमटते. शिस्त लेन्सच्या कड्यांमध्ये होती. फिल्मकडे होता तो विलंब. आपल्या शोकलेखांत या दोहोंची गल्लत झालेली असते, असे आमचे मत आहे.

तथापि खरा धडा दिला तो फ्लॅशने. फिल्मच्या उत्तरकाळात 'टीटीएल' नावाची हुशार पद्धत आली होती. फ्लॅशचा उजेड लेन्समधून आत येऊन फिल्मच्या पृष्ठभागावरून परावर्तित होई, कॅमेरा तो उजेड मोजी आणि पुरेसा झाला की फ्लॅशला थांबवी. डिजिटलमध्ये फिल्म नाही आणि सेन्सरचे परावर्तन निराळे. त्यामुळे ते महागडे, हुशार फ्लॅश आपल्या हुशारीसकट बहुतेक नव्या बॉडींवर निरुपयोगी ठरले. उलट काकांचा बोजड फ्लॅश, ज्याला कॅमेऱ्याशी काही बोलताच येत नव्हते, तो पूर्ववत चालला. एक काळजी मात्र घ्यावी लागली. जुन्या फ्लॅशच्या टोकांशी कधीकधी दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो आणि नव्या कॅमेऱ्यातील नाजूक मंडल त्याने जळू शकते. म्हणून तो आधी मीटर लावून तपासून घेतला. पुढे सारा हिशेब भागाकाराचा. फ्लॅशचा गाइड नंबर २८ असेल, तर माणूस साडेतीन मीटरवर असताना छिद्र एफ ८, पाच मीटरवर एफ ५.६, सात मीटरवर एफ ४. समोरचा माणूस आपल्यापासून नेमका किती दूर आहे, हे प्रत्येक वेळी मनाशी मोजल्याशिवाय फोटो निघत नाही. काका मांडवात वधूवरांपुढे पावले मोजीत हिंडत, ते नातलगांना विनोदी वाटे. ते उजेड मोजीत होते, हे तो फ्लॅश हाती आल्यावर उमगले.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे मर्ढेकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. १९४७ च्या 'काही कविता'मध्ये यंत्रयुगातल्या महानगराचा अनुभव मांडताना त्यांनी अभंग आणि ओवी या जुन्या रचना हाताशी घेतल्या. नव्या बॉडीवर जुनी लेन्स! आमच्या समजुतीप्रमाणे त्या निवडीमागचे बळ फ्लॅशच्या या गोष्टीने अधिक स्पष्ट होते. लघुगुरूंच्या काटेकोर क्रमात बांधलेली अक्षरगणवृत्ते ही आपल्या काळच्या पदावलीशी पक्की जोडलेली, म्हणजे एका अर्थी 'टीटीएल' फ्लॅशसारखी. ओवी आणि अभंग यांची मागणी थोडी, म्हणून त्यांचा प्रवास लांबचा. आणि इथेही चौकट लहान होतेच. संतांच्या अभंगाला कडेने जो टाळकऱ्यांचा मेळा असतो, तो मर्ढेकरांच्या अभंगात येत नाही. मधला एकाकी माणूस तेवढा येतो. जुने साधन नव्यात नेताना काय नेले याबरोबर कडेने काय सांडले, हेही वाचकाने पाहावे.

याचा अर्थ जुने ते सारे तरते, असा कोणी घेऊ नये. कॅननने १९८७ साली आपली खाच मुळातूनच बदलली आणि 'एफडी' मालिकेच्या उत्तमोत्तम लेन्स रातोरात पोरक्या झाल्या. त्यांना घर मिळाले ते पुढे आरसा नसलेले पातळ कॅमेरे आल्यावर. सोनीच्या अशा बॉडींत लेन्स आणि सेन्सर यांतील अंतर अवघे १८ मिलिमीटर असल्याने मधे नळकांडे बसवून जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स चढवता येते. शिवाय आमच्या भागातला पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खाते. त्यावर उपाय सिलिका जेलच्या पुड्यांचा, आणि त्याहून मोठा उपाय लेन्स वापरीत राहण्याचा.

आणि एक गोष्ट अशी आहे, की जिला नव्यात जागाच मिळाली नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात काकांच्या कल्याणच्या तळमजल्यावरील घरात पाणी शिरले. अल्बममधले प्रिंट एकमेकांना चिकटून लगदा झाले. निगेटिव्ह मात्र ओल्या असतानाच स्वच्छ पाण्यात सुट्या करून दोरीवर वाळत घातल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच वाचल्या. परक्या घरांतल्या नवऱ्यामुली, मुंजे, पंगती, सारे उलट्या रंगांत दोरीवर लटकत होते. ते पाहायला खिडकीतला उजेड पुरेसा होता. आमच्या डिजिटल फोटोंचे असे नाही. ते पाहण्यास डिस्क चालू असावी लागते, ती वाचणारे यंत्र असावे लागते, त्या यंत्राला ती भाषा येत असावी लागते. म्हणजे हुशार फ्लॅशची जी गत झाली, ती त्यांचीही होऊ शकते.

म्हणून आम्ही आता दरवर्षी निवडक पन्नास फोटो कागदावर छापून घेतो आणि मागे पेन्सिलीने नावे व तारीख लिहितो. लेन्स आणि फ्लॅश यांच्या सहवासात हा निष्कर्ष निघाला: टिकावयाचे असेल, तर दुसऱ्या यंत्रावर कमीत कमी विसंबावे. फोटोला उजेडाखेरीज आणि ओळखणाऱ्या माणसाखेरीज कशाची गरज पडू नये. यांतला उजेड तर राहीलच. ओळखणारी माणसे आहेत तोवर नावे लिहून घ्यावीत.