कनातीतला दिवा

आमच्या साजगावात कंटेनर म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो खोपोलीच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दम खात चाललेला लांबलचक ट्रेलर. माझा भाचा मात्र कंटेनर म्हणतो ते वेगळेच. तो संगणकाच्या पोटात असतो, त्याला चाके नसतात आणि रविवारची सकाळ त्यात कशी बुडून जाते ते कळत नाही. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संगणक सुरक्षा हा विषय त्याने स्वतःहून निवडला. मी उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर, त्यामुळे त्याच्या कामात माझा उपयोग एवढाच की तो समजावतो आणि मी ऐकतो. पण ज्याला दुसऱ्याला समजावता येते, त्याला स्वतःलाही कळते, हे बीएडच्या वर्गात शिकलेले वाक्य त्याच्या बाबतीत खरे ठरले.

त्याला आपल्या घरच्या वाय-फायची मजबुती तपासायची होती. यासाठी लागणारी अवजारे काली लिनक्समध्ये तयार मिळतात. ती संगणकावर कायमची बसवण्याऐवजी डॉकरच्या कंटेनरमध्ये ठेवली की काम संपल्यावर कंटेनर पुसून टाकता येतो आणि बाकी संगणक स्वच्छ राहतो. डॉकर आणि काली दोन्ही मार्च 2013 मध्ये लोकांपुढे आले, ही जोडी त्याला फार आवडते. पण अवजार सुरू केले की एकच उत्तर येई: वायरलेस कार्ड सापडत नाही. त्याच लॅपटॉपवर मोबाइलचे हॉटस्पॉट बिनतक्रार चालत होते.

"मामू, कार्ड आहे, पण आतून दिसत नाही. असं कसं?"

मी त्याला म्हटले, आपल्या विठोबाची यात्रा आठव. कार्तिकात इथे सुक्या मासळीचा बाजार भरतो. म्हणून तर लोक त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात. वर्षभराचे बोंबील आणि सुकट आपल्याही घरात तिथूनच येतात. प्रत्येक दुकानदार आपल्या कनातीत राजा असतो. त्याचा माल, त्याचा तराजू, त्याचा गल्ला त्याच्यापाशी. पण जमीन सगळ्यांची एकच आणि वीज येते ती बाहेरच्या खांबावरून. कनातीत बसून खांब दिसत नाही.

तो क्षणभर गप्प राहिला आणि मग भराभर बोलू लागला. कंटेनर म्हणजे अगदी हेच. व्हर्च्युअल मशीन हे पायासकट बांधलेले वेगळे घर असते, त्याचे स्वतःचे कर्नल असते. कंटेनर ही नुसती कनात. खालची जमीन, म्हणजे कर्नल, यजमान संगणकाचेच. नेटवर्कच्या बाबतीत कंटेनरला एक वेगळी खोली मिळते आणि त्या खोलीत एक खोटी तार सोडलेली असते. तिच्यावरून इंटरनेट चालते, पण खरे वाय-फाय कार्ड त्या खोलीत येतच नाही. विंडोजवर तर आणखी एक भिंत असते. तिथे डॉकर एका लपलेल्या लिनक्सवर चालतो आणि त्या लिनक्सलाच लॅपटॉपचे कार्ड दिसत नाही. मग त्याच्या आतल्या कंटेनरला कुठून दिसणार?

पुढचे दोन रविवार त्याने एका जुन्या लॅपटॉपवर थेट लिनक्स बसवून काम केले. मी शेजारी वह्या तपासत होतो. त्याने लावलेला क्रम इथे लिहून ठेवतो, अडलेल्या एखाद्या मुलाला उपयोगी पडेल.

आधी कंटेनर विसरायचा आणि बाहेर, यजमान संगणकावर, कार्ड ओळखले गेले आहे का ते बघायचे. ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे जमिनीचे काम, ते कंटेनरच्या आत बसवून काही होत नाही. मग ते कार्ड मॉनिटर मोड, म्हणजे हवेतली सगळी पाकिटे नुसती ऐकण्याची अवस्था, पाळते का हे तपासायचे. पुष्कळशी स्वस्त कार्डे पाळत नाहीत. हे दोन्ही जमले तरच कंटेनरला यजमानाचे नेटवर्क वापरू द्यायचे. असे केल्यावर कार्ड आतून दिसू लागले, पण मोड बदलायला गेले की "परवानगी नाही" असे उत्तर आले.

इथे त्याच्या वर्गमित्राने फोनवर सोपा उपाय सांगितला: कंटेनरला सरसकट विशेषाधिकार दे, सगळे चालेल. चालले असतेही. पण भाच्याने तसे केले नाही. कनातीत दिवा लागत नाही म्हणून दुकानदाराच्या हातात अख्ख्या यात्रेच्या मेन स्विचची किल्ली कोणी देते का? लिनक्समध्ये सर्वाधिकाराचे लहान लहान तुकडे केलेले आहेत. कच्ची पाकिटे हाताळण्याचा नेट-रॉ हा तुकडा डॉकर मुळातच देतो. नेटवर्कची मांडणी बदलण्याचा नेट-अ‍ॅडमिन हा तुकडा तेवढा मागून घ्यावा लागतो. त्याने तेवढाच दिला आणि मोड बदलला.

तरी पाच मिनिटांनी कार्ड पुन्हा मूळ अवस्थेत. कारण यजमानावरचा नेटवर्क मॅनेजर ते सारखे आपल्याकडे ओढत होता. अवजारात अशा लुडबुड्या प्रोग्रामना बंद करण्याची सोय आहे, पण ती कंटेनरच्या आतून चालवली की तिला कोणी दिसतच नाही, कारण बाहेरचे प्रोग्राम कनातीच्या पलीकडे असतात. ते काम बाहेरूनच करावे लागले: एवढे एक कार्ड तू सांभाळू नकोस, असे नेटवर्क मॅनेजरला सांगायचे. मग सारे सुरळीत झाले.

घरच्या वाय-फायचा पासवर्ड होता त्याच्या अब्बांचा मोबाइल नंबर. राउटर आणि फोन यांच्यात जोडणीच्या वेळी जी देवाणघेवाण होते ती एकदा टिपली की पुढचे अंदाज घरात बसून, राउटरला पत्ता न लागता करता येतात. आपले मोबाइल नंबर 6 ते 9 पैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. ऐकायला फार वाटतात. पण चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज करते असे धरले तर सगळ्या शक्यता संपायला 4000 सेकंद लागतात. एक तास सात मिनिटे. त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलून लांब, चार-पाच असंबद्ध शब्दांचा केला.

हे सगळे चालू असताना माझी बहीण दारात उभी राहून बघत होती. पडद्यावर काळ्या पाटीवर हिरवी अक्षरे धावत होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाईजान, हे आपल्या घरात हवं का? उद्या कुणी विचारलं तर नाव आधी वाचतील, बाकीचं नंतर."

तिला अज्ञानी म्हणून गप्प करणे सोपे होते. पण तिला 2008 आठवते, मलाही आठवते. 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला ई-मेल नवी मुंबईत, साणपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या इंटरनेटवरून गेल्याचे तपासात दिसले. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचे वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय तसेच वापरले गेले. पुढच्या वर्षी मुंबई पोलीस लॉक नसलेली वाय-फाय शोधत फिरू लागले. त्या काळात आमच्या भागातल्या एका सायबर कॅफेत माझे ओळखपत्र मालकाने दोनदा उलटसुलट करून पाहिले होते. मी तेव्हा अर्जाची एक प्रत छापायला गेलो होतो. फेब्रुवारी 2022 मध्ये अहमदाबादच्या खटल्याचा निकाल लागला: 49 जण दोषी, 28 जण निर्दोष. बातमी ऐकताना आमच्या घरात दोन्ही आकड्यांवर शांतता होती. निरपराध माणसे मारणाऱ्यांसाठी आमच्या मनात जागा नाही, आणि तेरा वर्षे खटल्यात घालवून निर्दोष ठरलेल्यांच्या आया कुणाला दिसल्या, असाही प्रश्न होता.

म्हणूनच मला वाटते की हे काम आपल्या मुलांनी करावे. उघडे वाय-फाय म्हणजे कुणाचाही गुन्हा आपल्या दारात येऊन बसण्याची सोय. कुलूप तपासणारा माणूस मोहल्ल्यात असला तर सगळ्यांचाच फायदा. पण कुलूप तपासणारा आणि फोडणारा यांच्या हातात अवजार एकच असते. फरक इजाजतीचा. मी वर्गात सांगतो की परवानगी हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आणि इतका आपला केला की तो परका आहे हे कुणाला आठवत नाही. कायद्यालाही हाच शब्द महत्त्वाचा वाटतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे चूक, आणि ते लबाडीने केले तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचे वाय-फाय "फक्त बघितले" ही सबब तिथे चालत नाही.

आता भाच्याला आमच्या शाळेच्या संगणक कक्षाचे वाय-फाय तपासायचे आहे. मुख्याध्यापक तोंडी हो म्हणाले. मी म्हटले, तोंडी नको. अर्जाचा मसुदा मी सांगितला, त्याने लिहिला: कोणता राउटर, कोणती तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय तपासणार, काय तपासणार नाही, मिळालेली माहिती कुणाला देणार आणि कधी पुसणार. खाली सही आणि शाळेचा शिक्का. बहिणीने तो कागद दोनदा वाचला. मग त्याच्या दोन झेरॉक्स काढायला सांगितल्या, एक कपाटातल्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आणि दुसरी प्लॅस्टिकमध्ये घालून लॅपटॉपच्या बॅगेत, वरच्या कप्प्यात, हाताला पटकन लागेल अशी.