प्रेसनोट आणि 'उचल्या'

परवा आमच्याकडे नवीन लागलेल्या वार्ताहर पोराने बातमी पाठवली. शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरल्याच्या संशयावरून चौघे ताब्यात. हेडिंग होतं, 'पारधी टोळी जेरबंद'. फोन करून विचारलं, हे कुठून आणलंस रे? म्हणाला, "दादा, प्रेसनोटमध्येच आहे तसं." बघितलं तर खरंच होतं.

त्याला रागवायला तोंड उघडेना. कारण डिप्लोमा करून नुकता लागलो तेव्हा असली हेडिंगं मी स्वतः दिलीयेत. एक नाही, बरीच. संशयित आणि गुन्हेगार यातला फरक वर्गात शिकलो होतो, पण जात टाकली की बातमी वजनदार वाटायची.

वाचत नव्हतो असं नाही. अरुण साधूंची 'सिंहासन' दोनदा वाचून झाली होती. आम्हा सगळ्यांनाच तेव्हा दिगू टिपणीस व्हायचं होतं. मंत्रालयात ऊठबस, मुख्यमंत्र्यांची खेळी आधी आपल्याला कळणार! (तालुक्याला मंत्रालय म्हणजे तहसील कचेरी. असो.) कादंबरी आजही भारीच आहे. पण बातमी म्हणजे वरच्या माणसांच्या हालचाली, एवढंच मी त्यातून उचललं. हा दोष माझा, साधूंचा नाही.

मग वाचनालयात लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' मिळालं. 1987 चं आत्मकथन, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं. खोटं कशाला सांगू, क्राइमच्या बातम्यांना उपयोगी पडेल म्हणूनच घेतलं. चोऱ्या कशा करतात ते कळेल म्हटलं. तेही कळतं, लेखकाने काही लपवलेलं नाही. पण त्याच पुस्तकात आजोबांना पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागते. पोलीस हवं तेव्हा घरात घुसून मारतात. आणि पोरगं शाळेत जायला लागलं तर त्याच्याच समाजातली माणसं म्हणतात, हा शाळेत जातो म्हणून आमच्या पोरांना हगवण लागली. तिथे मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. 1952 ला तो कायदा गेला. जमाती वेगवेगळ्या, शिक्का एकच, आणि तो शिक्का मी पन्नास वर्षांनी रोज रात्री पान सोडताना मारत होतो.

माझ्या एका बातमीतला पोरगा पुढे कोर्टातून निर्दोष सुटला. सुटल्याची बातमी मी दिली नाही. त्याची प्रेसनोट कोण पाठवणार? त्याची आई बसस्टँडसमोर सुया-पोत विकायची. ती मला ओळखत नव्हती. मी ओळखायचो, आणि रस्ता बदलायचो.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' बरीच नंतर वाचली. एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला, मास्तरकीसाठी द्यायला डोनेशन नाही, शेती परवडत नाही, बायकोचं मन त्या घरात रमत नाही. शेतकरी गेला की आम्ही 'कर्जबाजारीपणाला कंटाळून' लिहून मोकळे होतो. कर्ज असतंच हो, पण त्या घरात बाकी काय काय तुटत आलेलं असतं ते सहा ओळीत बसत नाही, म्हणून आम्ही विचारतही नाही. आता मी निदान विचारतो. छापून येतंच असं नाही.

तर त्या पोराला म्हटलं, जात काढ.

"मग काय लिहू दादा?"

"चौघे संशयित लिही. आणि त्यांचं म्हणणं काय तेही विचार."

"ते प्रेसनोटमध्ये नाहीये."

"ठाण्यात फोन लाव."

त्याने लावला. साहेब आल्यावर सांगतो म्हणाले. साहेब अजून यायचेत. बातमी थांबवून ठेवलीय, आणि बाकीच्या पेपरांत ती काल जातीसकट छापून आली.