अबिस्कोचे दगडफूल

स्टॉकहोमहून रात्रभर आगगाडीत अंग आंबवून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अबिस्कोला उतरलो, तेव्हा सौ.चा पहिला प्रश्न होता, "अहो, इथली झाडं कुठं गेली?"

प्रश्न रास्त होता. उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेला असलेले हे स्वीडनमधले खेडे! उतारावर वाकडेतिकडे खुजे भूर्ज. त्यांच्या वर घोट्याएवढी झुडपे, शेवाळ आणि जमिनीवर पांढुरके, कुरकुरीत असे काहीतरी. सौ.ने चिमूटभर उचलून हुंगले. "हे तर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड!"

आणि तसेच ते निघाले. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून खातात, ते हेच.

येथल्या संशोधन केंद्रात १९१३ पासून हवामानाची नोंद ठेवतात. तेथली एक तरुण संशोधिका आम्हांला जवळच्या स्टोर्डालेनच्या दलदलीत घेऊन गेली. संगणकात उत्तरेकडचे रान उभे करायचे, तर प्रत्येक जातीला जागा कोठून आणणार? म्हणून वागणुकीवरून गट पाडतात : पानझडी झुडपे, सदाहरित झुडपे, गवते...

"म्हणजे फडताळातले डबेच की!" सौ. म्हणाली.

"हो. पण पूर्वीच्या बऱ्याच गणितांत शेवाळाला अन् दगडफुलाला डबाच नव्हता."

"चिमूटभर वस्तू! तिच्यावाचून काय अडतं?" मी म्हणालो. घरीही मी हेच म्हणत असे.

बाईंनी उत्तर दिले नाही. एक पोलादी गज त्यांनी शेवाळाच्या उंचवट्यात खुपसला. हातभर खाली जाताच 'टक्' असा आवाज आला. ऑगस्टातही खाली बर्फ! वरचे शेवाळ गोधडीसारखे उन्हाची ऊब अडवते. चार पावलांवर जमीन खचून पाणी साचले होते. त्यात कापसासारख्या तुऱ्यांचे गवत डुलत होते. तेथे गज खाली गेला, जातच राहिला. आवाज नाही. हे गवत नळीसारखे चिखलातला मिथेन वायू वर आणून सोडते. झुडपांची तऱ्हा आणखी निराळी : ती हिवाळ्यात भुसभुशीत बर्फ अडवून जमीन उबदार ठेवतात. एक डबा चुकला, की खालचा बर्फ किती टिकेल हे गणितच चुकते. आणि उत्तरेच्या या गोठलेल्या मातीत साठलेला कार्बन हवेतल्या कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट!

परतताना फळ्यांच्या वाटेवर कोणीच बोलले नाही.

घरी आल्यावर सौ. मसाला भाजायला बसली. दगडफुलाचा डबा रिकामा होता. मी मुकाट्याने पिशवी उचलली.