पडद्याचा उजेड

माझी आजी बारामतीला आमच्याकडे राहते. परंतु तिचे मन अजूनही पळसदेवातच गुंतलेले असते. इंदापूर तालुक्यातील भीमेकाठचे हे जुने गाव उजनी धरणाच्या जलाशयात बुडाले. १९८० साली धरण पुरे झाले. गावकरी उंचावर येऊन राहिले; पळसनाथाचे पुरातन दगडी देऊळ मात्र पाण्यातच राहिले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, म्हणजे ते पुन्हा उघडे पडते.

काही वर्षांपूर्वी ते असेच वर आले, तेव्हा आजी मला म्हणाली, “दिवसाचे फोटो लई पाहिले रे. लहानपणी आम्ही देवळापुढं निजायचो, तवा शिखरावर चांदण्या कशा उतरायच्या, तेवढं एकदा दाव.”

वैशाख वद्य द्वादशीच्या रात्री मी डिजिटल कॅमेरा व तिपाई घेऊन तेथे गेलो. प्रत्येक छायाचित्र घेताच कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडदा उजळे. त्यावर देऊळ स्वच्छ आणि तारे ठळक दिसत. मी मोठ्या समाधानाने घरी परतलो. सकाळी ती चित्रे संगणकावर उघडली, तो सारा काळोख! शिवाय दोन चित्रांत शिखरही कापले गेले होते. आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि हळूच विचारले, “देऊळ कुठाय रे?” त्या प्रश्नाने मला फार ओशाळे वाटले.

चूक कोठे झाली, याचा मी विचार करू लागलो. पडद्याचा उजेड मी भर उन्हात दिसावे म्हणून वाढवून ठेवला होता. काळोखात आपल्या डोळ्यांची बाहुली विस्फारते आणि दृष्टिपटल अधिक संवेदनशील होते. म्हणून त्या झगझगीत पडद्यावर अंधारे चित्रही उजळ भासते. दुसरे असे, की अंधाराला डोळे पुरते सरावण्यास अर्धा तास तरी लागतो; पण पडद्याकडे एकदा पाहिले, की ती कमाई क्षणात जाते. शिखर चौकटीबाहेर गेले, ते मला दिसले नव्हते, ते याचमुळे.

अमावास्येला मी पुन्हा गेलो. पश्चिमेला ढग जमू लागले होते. पाऊस सुरू झाला, की भीमेचे पाणी चढणार आणि देऊळ पुन्हा किती वर्षांनी दिसेल, कोण जाणे! काठावर जाळे आवरीत बसलेला एक वृद्ध कोळी म्हणाला, “दादा, ती बॅटरी आधी मालवा. अंधार दमानं उघडतो.” मी बॅटरी मालवली आणि त्याच्याजवळ स्वस्थ बसलो. हळूहळू देवळाचे दगड वेगळे दिसू लागले.

मग मी पडद्याचा उजेड अगदी कमी केला. चित्र घेतल्यावर ते आपोआप दिसण्याची सोयही बंद केली. बॅटरीवर लाल कागद गुंडाळला. कारण मंद लाल प्रकाशाने डोळे फारसे दिपत नाहीत. चित्र कसे आले, हे नुसत्या नजरेने न ठरवता मी प्रकाशाचा आलेख पाहू लागलो. आलेख डाव्या कडेला चिकटला, तर चित्र काळे. मग पडदा कितीही उजळ दिसो. ८ सेकंदांचे चित्र अपुरे पडले, म्हणून मी वेळ २० सेकंदांवर नेला. त्याहून फार वाढवला असता, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटल्या असत्या. आग्नेयेकडून आकाशगंगा वर आली.

ते चित्र मी कागदावर छापून आजीच्या हाती दिले. तिने शिखराला बोट लावून नमस्कार केला. नंतर तिचे बोट सावकाश खाली सरकले आणि मला काळोखाखेरीज काहीच दिसत नव्हते, अशा एका कोपऱ्यावर स्थिरावले.

“हितं आमचं घर हुतं,” ती म्हणाली.