पहिला डॉलर कोणाचा?

न्यूझीलंडमध्ये गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. आमच्या शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात हे कुणाला सांगितलं तर तो सांगणाऱ्यालाच वेड्यात काढेल. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ आहे. थर्ड पार्टीचा कागद नसेल तर गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, मग ती मोटारसायकल असो की ऊस ओढणारा ट्रॅक्टर. आणि तिकडे, शिस्तीसाठी गाजलेल्या देशात, बिनविम्याची गाडी चालवणं गुन्हा नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरची मंडळी त्या देशाच्या दक्षिण बेटावर भाड्याची गाडी घेऊन हिंडली. दादा, वहिनी, हिंजवडीला नोकरी करणारा पुतण्या, त्याची बायको, पाच वर्षांची नात आणि शेवटच्या सीटवर मी. गाडी दादा आणि पुतण्या आळीपाळीनं चालवणार होते. कोणती गाडी, कुठली हॉटेलं, हे पुतण्यानं दोन संध्याकाळींत उरकलं. विम्याचं मात्र निमोण्याच्या ओसरीवर बरेच दिवस चाललं, आणि ते चालवलं दादांनी.

दादांना विमा शिकवायची गरज नव्हती. घोड नदीच्या पट्ट्यात ऊस लावायचा, जवळच्या आणि कधी दौंडकडच्या कारखान्यांना घालायचा, म्हणजे घरात ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पिकअप असं सगळं आलं. प्रत्येकाचा कागद वेगळा. ट्रॉलीची नोंद आणि विमा वेगळा काढावा लागतो, शेतीच्या नावावरचा ट्रॅक्टर भाड्यानं फिरवला तर क्लेम अडकतो, हे दादांना तोंडपाठ. काही वर्षांपूर्वी त्यांची पिकअप ठोकली गेली, तेव्हा ड्रायव्हरच्या लायसनवर ट्रान्सपोर्टचा शेरा नाही म्हणून कंपनीनं फाइल दाबून ठेवली होती. साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. पण तोवर दादांच्या चपला झिजून झाल्या होत्या. त्यामुळे पुतण्या लॅपटॉप पुढं करून म्हणाला, ‘पप्पा, फुल्ल प्रोटेक्शन घेतलंय, काळजी नको,’ तेव्हा दादांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘ते राहू दे. ठोकली तर पहिला रुपया कोणाचा, एवढं सांग.’

सगळं पाणी इथंच मुरत होतं. आपल्याकडे खासगी मोटारीच्या क्लेममध्ये मालकानं स्वतः सोसायची सक्तीची रक्कम पंधराशे सीसीपर्यंत एक हजार रुपये आणि त्यावर दोन हजार रुपये असते. गॅरेजच्या बिलात ती कुठं जाते, कळतही नाही. भाड्याच्या गाडीच्या करारात हीच रक्कम ‘एक्सेस’ म्हणून येते. आमच्या करारात ती चार हजार न्यूझीलंड डॉलरच्या आसपास होती, म्हणजे आपले जवळपास दोन लाख. गाडीला विमा आहे, तो भाड्यातच धरलेला आहे, सगळं खरं; पण पहिल्या चार हजार डॉलरपर्यंतचं नुकसान भाडेकरूच्या खिशातून. चूक समोरच्याची असली तरी बहुतेक ठिकाणी आधी भाडेकरूच्याच कार्डावरून रक्कम कापतात आणि ती समोरच्याकडून वसूल झाली तर परत देतात. समोरच्याचा विमाच नसेल, आणि तिकडे नसणं कायदेशीर आहे, तर ती वसुली किती लांबेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

मग पुतण्यानं घेतलेलं फुल्ल प्रोटेक्शन म्हणजे काय? ते गाडी देणाऱ्या कंपनीचं नव्हतंच. ज्या संकेतस्थळावरून गाडी बुक केली, त्यानं तिसऱ्याच विमा कंपनीची पॉलिसी विकली होती. गाडी ठोकली तर गाडीवाला कार्डावरून एक्सेस कापणार, मग आपण पावत्या, करार, फोटो जोडून या तिसऱ्या कंपनीकडे पैसे मागायचे. दादांनी दोन मिनिटांत निकाल दिला: ‘म्हणजे मेडिक्लेमसारखंच. हे रिइम्बर्समेंट, मला कॅशलेस पाहिजे.’ पुण्याच्या दवाखान्यांत आईच्या वेळी दोन्ही प्रकार त्यांनी भोगले होते.

गाडीवाल्या कंपनीकडचं कॅशलेस महाग असतं. दिवसाला तीसेक डॉलर जास्त भरले की एक्सेस शून्य, काच आणि टायरही त्यात धरलेले. गाडीच्या भाड्याच्या निम्म्याजवळ जाणारी ही रक्कम. काउंटरवर बसलेला माणूस ती विकायला एवढा उत्सुक का असतो, हे यावरून कळावं. बहुतेक लोक गाडी धड परत आणून देतात, आणि ते तीस डॉलर कंपनीकडेच राहतात. खरं तर हा पुष्कळदा विमाही नसतो. ‘आम्ही तुमच्याकडून एक्सेस मागणार नाही’ एवढाच करारातला शब्द असतो. माझ्या मते, ज्याच्या कार्डाची मर्यादा मोठी आहे, दोन लाख काही महिने अडकले तर ज्याचं काही अडत नाही आणि कागदपत्रांचा ज्याला कंटाळा नाही, त्यानं संकेतस्थळावरची स्वस्त पॉलिसी खुशाल घ्यावी. तीही काही फसवणूक नाही. आमच्या घरानं ती रद्द केली आणि महागातली घेतली. पुतण्या दोन दिवस घुश्शात होता.

‘पण ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे की आपला,’ असंही त्यानं करून पाहिलं. वहिनींनी चष्मा लावून त्या पॉलिसीतलं दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचं कलम वाचलं. दवाखाना, सामान, विमान चुकणं, सगळं होतं. दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई होती, पण मोटार वाहनामुळे झालेलं नुकसान वगळून. परदेश प्रवासाच्या बहुतेक पॉलिसींत हा अपवाद असतो आणि तो शेवटच्या पानांवर असतो. काही पॉलिसींत भाड्याच्या गाडीचा एक्सेस भरून देण्याची सोय असते. ती आहे का, हे नाव वाचून कळत नाही.

आता थर्ड पार्टी सक्तीचा नाही तर माणूस मेला, जखमी झाला, त्याचं काय? याचं तिकडचं उत्तर वेगळंच आहे. १९७४ पासून न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या इजेची जबाबदारी एक सरकारी महामंडळ घेतं. त्याला सगळे एसीसी म्हणतात. चूक कुणाची हा प्रश्नच विचारत नाहीत. गाडीची नोंदणी, पेट्रोल, पगार यांवरच्या आकारणीतून पैसा उभा राहतो आणि जखमीचा उपचार त्यातून होतो, पर्यटकाचासुद्धा. त्या बदल्यात नागरिकांनी शारीरिक इजेच्या भरपाईसाठी एकमेकांना कोर्टात खेचण्याचा हक्क सोडून दिला. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं तारखा घेणाऱ्यांना हे ऐकून काय वाटेल! मात्र पर्यटकानं यावर विसंबून प्रवास विमा टाळू नये. एसीसी तिथल्या उपचारापुरतं असतं. आजारपण त्यात नाही, इथली बुडालेली कमाई नाही आणि घरी परतायच्या विमानाचा खर्चही नाही.

परवान्याचं काम तुलनेनं सोपं निघालं. शिरूर तालुका पुण्याच्या आरटीओकडे, म्हणजे एमएच १२. शेजारचा दौंड बारामतीकडे, एमएच ४२. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओकडून मिळतो. नमुना ४-अ, पासपोर्ट, एक हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. भारत १९४९ च्या जिनिव्हा कराराचा सदस्य आहे, त्या कराराखालची ही पुस्तिका. ती एकटी कामाची नाही, मूळ लायसन सोबत लागतंच. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीत असल्यानं न्यूझीलंडला तेवढंही चालतं. तरी दोघांनी पुस्तिका काढली. काउंटरवरच्या माणसाचा मूड कसा असेल ते कुणी सांगावं! बँकेच्या कार्डाचं मात्र आधी बघितलेलं बरं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, ती आपण चालू करून घ्यायची. शिवाय गाडीवाल्यांना अनामत रोखून ठेवायला मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं असतं. बापाची गाडी आणि मुलाचं कार्ड, हे चालत नाही.

ख्राइस्टचर्चला गाडी हातात आली तेव्हा दादा तिच्याभोवती मोबाइल घेऊन फिरले. चारी टायर, चारी रिम, बंपरची खालची कड, छत, काच, कुठंही ओरखडा दिसला की फोटो आणि कागदावर नोंद. मागं रांग लागली होती, पुतण्याला लाज वाटत होती. दादांना नाही. नातीसाठी वेगळी सीट घेतली, कारण सात वर्षांखालच्या मुलाला ती तिथं कायद्यानंच लागते. पुतण्याचं नाव दुसरा चालक म्हणून करारात घातलं. ते राहिलं असतं आणि तो चालवताना काही झालं असतं, तर शून्य एक्सेसचा कागद रद्दीत गेला असता.

हीच त्या करारांची गंमत आहे. विमा गाडीला नसतो, करार पाळणाऱ्याला असतो. दारू, नोंद नसलेला चालक, चुकीचं इंधन, पाण्यात घातलेली गाडी, हरवलेली किल्ली: यांतलं काहीही झालं की संरक्षण संपलं. इंधनाचं विशेष सांगायला हवं, कारण आपल्याला पंपावर खाली उतरायची सवय नाही. तिकडे नळी आपणच लावायची. डिझेल स्वस्त दिसतं म्हणून डिझेलची गाडी घेणाऱ्यांनाही पुढं धक्का बसतो. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाडीवर किलोमीटरच्या हिशेबानं रस्ता कर आहे आणि भाड्याच्या गाडीत तो बिलात लागतो.

रस्त्यांचीही यादी असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रस्ता, सोन्याच्या खाणींच्या काळात डोंगरात कोरलेला, भाड्याच्या गाड्यांना बंद. उत्तर बेटावरचा नाइन्टी माइल बीच तसाच. तिथं गाडी घातली तर नुकसान सगळं आपलं. आमची मंडळी यादीतल्या रस्त्यांना गेलीच नाहीत, पण बाकीचे रस्तेही काही सरळसोट नव्हते. टेकापो, आओराकी, लिंडिस पास, क्वीन्सटाउन, मिलफर्ड असा बेत. डावीकडून चालवायचं, एवढंच आपल्यासारखं. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभर, मध्येच एकाच गाडीपुरता पूल, कोणी थांबायचं ते बाणांनी दाखवलेलं. मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. सकाळी सावलीतल्या वळणावर डांबरावर बर्फाचा न दिसणारा थर. मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्याच लागतात. होमर बोगद्याच्या तोंडाशी किआ नावाचे हिरवे पोपट गाड्यांची रबरं उपटत बसलेले होते. ‘यांनी उपटलं तर कोणाच्या खात्यात?’ हा वहिनींचा प्रश्न. करारात पोपटाचा उल्लेख नव्हता, तेव्हा पुतण्याची बायको पाव दाखवून बोलवायला निघालेल्या नातीला उचलून गाडीत घेऊन आली.

मोडतोड झाली ती लिंडिस पासवर. घसरू नये म्हणून बर्फाळ रस्त्यावर खडी टाकतात. समोरून आलेल्या ट्रकच्या चाकाखालचा खडा काचेवर बसला. रुपयाएवढा तारा उमटला. मागच्या सीटवर शांतता, पुढच्या सीटवर दादा म्हणाले, ‘काच आपल्या कागदात आहे.’ क्वीन्सटाउनहून कंपनीला फोन केला, फोटो पाठवले, गाडी परत देताना एक पानाचा अर्ज भरला. पैसे लागले नाहीत. नुसता मूळ विमा असता तर काच, टायर, छत आणि खालचा भाग हे अनेक करारांत वगळलेले असतात, म्हणजे हा तारा आमचा होता.

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्यांनी हा हिशेब तसाच्या तसा उचलू नये. तिथं भीती गाडीच्या पत्र्याची कमी आणि दुसऱ्याच्या इजेची जास्त. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून सक्तीच्या दायित्व विम्याची किमान मर्यादा एका माणसाला तीस हजार, एका अपघाताला साठ हजार आणि मालमत्तेला पंधरा हजार डॉलर झाली. त्याआधी ती पंधरा, तीस आणि पाच हजार होती. तिकडच्या दवाखान्याची बिलं पाहिलेल्यांना हे आकडे किती तोकडे ते कळेल. तिथं जास्तीच्या दायित्वाचं कव्हर आधी बघायचं, काचेचं नंतर.

आणि परदेशाची तरी वाट कशाला पाहायची? गोव्यात भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी हजार-पाचशेनं स्वस्त मिळते, पण ती भाड्यानं देणंच नियमाबाहेर, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते. निमोण्याहून दर हिवाळ्यात पोरांची टोळकी गोव्याला जातात. त्यांतल्या दोघांना दादांनी परवा ओसरीवर बसवून घेतलं होतं.

आमची रोखलेली अनामत घरी आल्यावर काही दिवसांनी सुटली. त्यानंतर महिनाभरानं कार्डावर आणखी एक रक्कम लागली. कुठल्याशा गावाच्या वेशीवर वेगमर्यादा कमी झाल्याचं पुतण्याला दिसलं नव्हतं, कॅमेऱ्याला दिसलं होतं. दंड तीस डॉलर. तो दंड कुणाच्या नावे पाठवायचा हे कळवल्याबद्दल गाडीवाल्यांची फी त्याहून जास्त, आणि शून्य एक्सेसचा याच्याशी काही संबंध नाही. दादांनी दोन्ही रकमा वहीत लिहिल्या आणि पुतण्याच्या नावावर टाकल्या.